जर्सी घालून या

माझा सत्कार चालला हुता तवा माझी आय मागच्या दाराला भांडी घासत हुती.

लोकांना वाटतं मी वाढवून सांगती. न्हाय बाबा, वाढवून सांगायची गरजच न्हाय. इंदापूरचं एक मंगल कार्यालय, हायवेला लागून. भर दुपार. आदल्या दिवशी आमच्या शाळेच्या हेडसरांचा फोन आलेला. "तालुक्याची शान म्हणून तुझा सत्कार आहे. जर्सी घालून ये."

मी इंडियाची फुटबॉलची निळी जर्सी घातली. आयनं शेजारनीची हिरवी साडी मागून आणली, केसाला तेल चोपडलं, आन आमी यष्टीनं गेलो. दारात ही मोठी फ्लेक्स. वर पुढाऱ्यांची मुंडकी, खाली कोपऱ्यात मी. म्हणजे मी न्हवतेच. माझ्या नावावर भलत्याच देशाच्या पोरीचा फोटो. निळी जर्सी बघून नेटवरनं उचललेला. गोरीपान, सोनेरी केसांची शेपटी. आय म्हणली, "ही कोण गं?" मी म्हणलं, "मीच हाय की." आय हसली. मीबी हसले. तोवर हसू येत हुतं.

आय पुढच्या रांगेत बसली. कव्हर घातलेली खुर्ची, तिनं आधी हातानं चाचपून बघितली. तेवढ्यात केटररच्या मुकादमानं तिला बघितलं. लग्नाकार्यात आय त्याच्याच हाताखाली भांडी घासायची. सत्कार कुणाचा हाय ते त्याला काय ठावं. लांबनंच वरडला, "ए, तू हितं काय बसलीस? मागं ढीग पडलाय, बायका कमी हायत!"

आय उठली. माझी पोरगी हाय, तिचा सत्कार हाय, असं तिच्या तोंडातनं आलंच न्हाय. नुसती उठली. हिरव्या साडीचा पदर कमरंला खोचला आन मागं गेली.

मी तिच्या मागं धावणार, तर हेडसर माईक सोडून पुढं आले. "बरं झालं वेळेवर आलीस. हे धर." हातात ताट. त्यात शाली, नारळ, हार, कुंकू. आमच्याकडं सत्कार म्हणला की ताट धरायला पोरगी लागतीच. पोरगी नटलेली पायजे, गप पायजे, आन फोटोत अर्धीच यायला पायजे. मी जर्सीत हुते, तरी चाललं. आबांचा सत्कार झाला. आबा म्हणजे शाळा ज्यांच्या संस्थेची ते. मग आबांच्या पुतण्याचा. त्याला कुठल्यातरी क्रीडा समितीवर घेतलं हुतं. ह्या माणसाचा पाय चेंडूला जन्मात लागला नसंल. त्याच्या डोक्याला फेटा बांधला, मी ताट धरून हुबी.

सगळ्यात शेवटी माझं नाव. आन ताट माझ्याच हातात. हेडसर इकडं बघत्यात, तिकडं बघत्यात, ताट घ्यायला कुणी न्हाय. लोक हसले. आबांनी माझ्याच ताटातली शाल उचलली आन माझ्याच खांद्यावर टाकली. मला नमस्कारबी करता येईना, हात गुंतलेले. हेडसर माईकवर वरडले, "ऊसतोड कामगाराची मुलगी! भारताकडून खेळली! जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्या. खेळाला न्हवत्या त्या. आयबापाच्या कोयत्याला हुत्या. आन कोयतावाली मागं पातेल्यात हात घालून बसली हुती.

स्टेजवरनं उतरताना कुणीतरी हळूच म्हणलं, "शाल जरा दे बरं इकडं. एक पाहुणे राहिलेत. शाली कमी पडल्यात."

मी दिली.

परत जाताना यष्टीत आयच्या हाताला साबणाचा वास. ती म्हणली, "झाला का गं चांगला?" मी म्हणलं, "व्हय. चांगला झाला."

आता शान कसली ते सांगती. माझे आयबाप बीडकडनं तोडणीला आले आन इंदापूर-बारामतीच्या मधी एका वस्तीवर कायमचे राहिले. मी शाळंत पोरांबरोबर चेंडू मारायची. अनवाणी. नशिबानं एका शिबिरात कुणीतरी बघितलं, जिल्ह्याला गेले, राज्याला गेले, मग इंडियाच्या कँपला. आशियातल्या एका स्पर्धेला टीम गेली, त्यात मी हुते. राष्ट्रगीत लागलं तवा अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आन मग आमी हरलो. चांगलंच हरलो. समोरच्या पोरी लहानपणापासनं गवतावर पळालेल्या, आमी ढेकळात. दुसऱ्या मॅचला मला शेवटी शेवटी आत सोडलं. एकदा वळले, आन ऊसाचं कांडं मोडावं तसा गुडघ्यात आवाज आला. इंडियाकडनं माझा खेळ तेवढाच.

तितं हॉटेलात माझ्या गुडघ्याला बर्फ लावायला एक ताई बसायच्या. आमची देखभाल करायला आलेल्या, नागपूरकडच्या. जुन्या खेळाडू. मी रडत हुते, हरलो म्हणून. त्या म्हणल्या, "आपल्या आधीच्या पोरी आशियात दुसऱ्या आल्या होत्या. माहीत आहे तुला?"

"न्हाय."

"कुणालाच माहीत नाही. आणि मग असा काळ आला की मॅचच नाहीत. पोरी घरी बसून. जगाच्या क्रमवारीतून आपल्या देशाचं नाव काढून टाकलं. हरलो म्हणून नाही बरं का. खेळलोच नाही म्हणून."

मी रडायची थांबले न्हाय. गुडघाच इतका दुखत हुता. पण बोलणं कुठंतरी आत जाऊन बसलं.

गुडघा गेला तशी मला टीमनं परत बोलावलं न्हाय. त्याच शाळंत हेडसरांनी कंत्राटावर खेळाची बाई म्हणून ठेवलं. मला वाटलं, चला, ग्राउंड तरी मिळालं. पोरी मिळाल्या त्या कुणाला नको असलेल्या. वस्तीवरच्या, आन साखर कारखान्याजवळच्या कोप्यातल्या, पाचटाच्या झोपड्यांतल्या, तोडणीवाल्यांच्या. शाळंच्या पटावर असून नसल्यासारख्या. त्यात एक उषा हुती, आमी तिला उषी म्हणायचो. कोपीत भाकरी करून, भाऊ कडंवर घेऊन यायची. भावाला गोलच्या खांबापाशी बसवायची आन गोलमधी हुबी राहायची. ट्रकवर चढून ऊसाच्या मोळ्या झेलायची सवय, तिला चेंडू म्हणजे काय! मी एवढी मोठी मैदानं बघून आले, तसली गोलकीपर मी लई कमी बघितली.

पण तोडणीवाल्यांच्या पोरींची टीम म्हणजे कारखान्याच्या धुराड्याला बांधलेली. दिवाळीनंतर टीम जमती. गाळप संपलं, पट्टा पडला, कारखाना बंद झाला, की टोळ्या गावाकडं आन टीम मोडली. त्या वर्षी आमी तालुक्याच्या फायनलला गेलो. जिंकलो असतो तर जिल्ह्याला खेळायला मिळालं असतं, आन उषीला तितं कुणीतरी बघितलं असतं, जसं मला बघितलं. तेवढंच पायजे हुतं मला. माझा गुडघा गेला तर गेला. आन पट्टा पडायला थोडेच दिवस राहिलेले.

फायनल आमच्याच ग्राउंडवर. समोरची टीम मोठ्या इंग्लिश शाळंची, स्वतःच्या बसनं आलेली. सकाळी पोरी पळून तयार, पंच तयार. हेडसर म्हणले, "थांबा. आबा निघालेत. उद्घाटन त्यांच्या हस्ते आहे."

"सर, फायनलचं कसलं आलंय उद्घाटन?"

"तू मला शिकवू नकोस."

ऊन चढलं. आबा निघालेलेच हुते, येत न्हवते. मग हेडसरांनी एक गाठोडं आणून टाकलं. नऊवारी साड्या. "तुझ्या पोरींना नेसव आणि गेटवर उभ्या कर, औक्षणाला. तू ती इंडियाची जर्सी घाल आणि शालीचं ताट धर. आबांना बरं वाटेल."

"आन मॅच?"

"मॅच काय, होईल की नंतर."

समोरच्या पोरी मांडवाच्या सावलीत सरबत पीत बसलेल्या. त्यांना कुणी साडी नेस म्हणलं न्हाय. त्यांच्या पोरी खेळाडू. आमच्या पोरी ताट धरायला.

मी काय बोलायच्या आत उषीनं हातमोजे काढले. तिला कुणी जबरदस्ती केली न्हाय. ती नुसती उठली, गाठोड्यातली एक साडी घेतली आन झटकली. अगदी तशीच उठली. खुर्चीवरनं माझी आय उठली हुती तशीच.

माझ्या डोक्यात जाळ झाला. शाल परत मागितली तवा न्हवता झाला एवढा झाला. मी तिच्या हातातनं साडी हिसकली. म्हणलं, "मोजे घाल." ती घाबरली. "बाई, सर वरडत्यान." मी म्हणलं, "वरडू दे. मोजे घाल आधी."

ताट माझ्या हातात दिलेलं हुतं. ते मी गेटच्या खांबापाशी भुईला ठेवलं. शाल, नारळ, पेढे, निरांजन, सगळं. पंचांकडं गेले. दुसऱ्या शाळंचा बिचारा कंत्राटी माणूस, सकाळपासनं उन्हात हुबा. म्हणलं, "सर, वाजवा." त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, गेटकडं बघितलं, आन शिट्टी मारली.

काय खेळल्या गं माझ्या पोरी! समोरच्यांचे दोन चेंडू उषीनं उडी मारून काढले. पाहुण्यांना आणलेले ढोलवाले ढोल ठेवून बघत बसले. कुणाचाच गोल झाला न्हवता, आन आमच्या पोरी त्यांच्या गोलसमोर गेल्या हुत्या. तेवढ्यात गाड्या आल्या.

हॉर्न वाजतोय. गेटवर कुणी न्हाय. खांबापाशी ताट, त्यातला पेढा कुत्र्यानं पळवलेला. आबा उतरले. ते रागावले न्हाईत, तसली माणसं रागवत न्हाईत. माझ्याकडं बोट करून त्यांनी हेडसरांना एवढंच विचारलं, "ही कुणाची हो?"

त्यांनीच शाल घातली हुती मला. त्यांच्या फ्लेक्सवर माझं नाव हुतं.

हेडसर बुटासकट मैदानात पळाले आन चेंडू काखेत घेऊन बाहेर आले. झाली मॅच. बेशिस्तीसाठी आमाला बाद केलं, कप समोरच्यांना. आबांचं भाषण झालं, मुलींनी खेळात पुढं यावं म्हणून. हेडसर मला कोपऱ्यात घेऊन म्हणले, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस तू."

मी म्हणलं, "सर, तुमच्या घरचं आमी खाल्लं न्हाय. भांडी घासलीत आमी."

दुसऱ्या दिवसापासनं कामावर येऊ नको म्हणले. पट्टा पडला. उषीची टोळी ट्रकात भांडीकुंडी घालून गेली, मला भेटायचं राह्यलं. मोजे तिच्याकडंच राहिले. दिवाळीनंतर टोळी परत आली, तवा मी कोप्यात शोधत गेले. उषी आली न्हवती. तिचं लगीन लावून दिलेलं. तोडणीत नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात. माझी गोलकीपर आता दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्याला कुणाचातरी अर्धा कोयता झालीया. तिच्या आयनंच सांगितलं.

मी ताट धरलं असतं तर? लोक विचारत्यात. मॅच झाली असती का, उषी जिल्ह्याला गेली असती का. मला न्हाय वाटत. अंधार पडंपर्यंत भाषणंच झाली असती. पण नक्की कोण सांगणार? हे माझ्या छातीवर बसलंय ते उठायचं न्हाय.

केटररच्या मुकादमानं आयलाबी कामाला बोलवायचं बंद केलं. आय माझ्याशी लई दिवस बोलली न्हाय. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणली, "तुझ्या सत्काराला खुर्चीवरनं मला कुणी हाताला धरून उठवलं न्हवतं गं. माझी मीच उठले." आन परत थापायला लागली.

आता शाळंचं ग्राउंड आमाला बंद. तोडणी झालेल्या रानात खेळतो, ऊसाचे खुंट पायात घुसत्यात. पाच पोरी उरल्यात. बाकीच्यांच्या घरी हेडसरांचा निरोप गेलेला. सात पोरी असल्याबिगर पंच मॅच चालू करत न्हाय.

आन यंदा महिला दिनाच्या आधी परत फोन. कुठल्यातरी मंडळाच्या बाई. गोड आवाज. "कर्तबगार महिलांचा सत्कार ठेवलाय. तुम्ही जर्सी घालून या हं. आईंनाही आणा."

मी म्हणलं, "आय येणार न्हाय. म्होरल्या दारानंबी न्हाय आन मागच्या दारानंबी न्हाय. आन मला मॅच हाय."

"हो का? कुणाबरोबर?"

मी फोन ठेवला. कुणाबरोबर ते मलाच ठावं न्हवतं. पण आता ठरलंय. तालुक्याच्या स्पर्धेत वस्तीच्या नावानं टीम घातली. दोन पोरी कुठनंबी आणीन, कोपीतनं आणीन, कुणाच्या चुलीपुढनं उठवून आणीन. आमी हरणार हाय. गोलमधी उषी न्हाय, रग्गड गोल खाऊ. खाऊ दे. ह्या आल्या हुत्या, ह्या खेळल्या, आन ह्या हरल्या, एवढं पंचाला लिहावंच लागंल. खेळल्याच न्हाईत म्हणून आमचं नाव पुसायला मी कुणाला देणार न्हाय.

ताट त्यांचं हाय. त्यांनी धरावं.