लायब्ररी मिसचा संशय

"कुणावर संशय नाही, पण पिशवी बाहेर." लायब्ररीच्या दारात बसून ती येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगायची. हेडमास्तर आले तरी त्यांचा जेवणाचा डबा बाहेरच्या बाकावर. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. स्वतःच्या सावलीचीसुद्धा झडती घेतील. मुलं तिला लायब्ररी मिस म्हणायची.

माझी लेक त्या शाळेत प्लस टूला, म्हणजे बारावीला होती. मी तंजावुरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत ब्लाउज शिवते. मला वाटायचं, लायब्ररीवाल्या बाईनं पुस्तकं द्यावीत, परत घ्यावीत, संपलं. पण ही पोरांच्या मागेच लागलेली. परीक्षा आली की जुन्या प्रश्नपत्रिका टेबलावर, वादळाचा इशारा आला की वादळावरची पुस्तकं, आणि संध्याकाळी मुलांच्या फोनवर काही ना काही: या कोर्सचे अर्ज निघाले, त्या शिष्यवृत्तीची मुदत शुक्रवारी. खाली ठरलेलं वाक्य, "आजच वाचा, उद्या उपयोग नाही."

फुकट कोण कुणासाठी एवढं करतं हो? पाणी कुठंतरी मुरतंय, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. लेकीला मराठीत विचारावं, तर ती तमिळमध्ये दोन शब्द टाकून मोकळी. मग एकदा तिच्या फोनवर दिसलं: मदुराईच्या नर्सिंग कॉलेजची माहिती, हॉस्टेलच्या नियमांसकट. का, तंजावुरात नर्सिंग शिकवत नाहीत? मी फोन काढून घेतला, कपाटात घातला आणि किल्ली कमरेला लावली.

दोन-तीन दिवसांत मिसचं बोलावणं आलं. मी भांडायच्या तयारीनंच गेले. दारात पिशवी ठेवावी लागली, त्यानं आणखी चिडले. माझी पोर मदुराईला पाठवून तुम्हाला काय मिळणार, असं तोंडावर विचारलं.

तिनं चष्म्यावरून पाहिलं. "तिचा फोन कुठं आहे?"

"बिघडलाय."

"अम्मा, माझ्या आईनं मला अर्जाची मुदत संपेपर्यंत तिरुवैयारूला मामाकडे ठेवलं होतं. मामा आजारी आहे म्हणाली. जाऊन बघते तर मामा अंगणात नारळ सोलत बसलेला."

मला हसू आलं, आणि लगेच हात कमरेच्या किल्लीवर गेला. ती आई अजून तिच्याच घरी होती. म्हातारीला न्हाऊमाखू घालून, भरवून मगच मिस शाळेत यायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. आईचा राग नाही येत का, मी विचारलं.

"राग कसला? भरवसा नाही, एवढंच."

घरी येऊन कपाट उघडलं. लेकीनं अर्ज भरला, तिला जागा मिळाली. मला आनंद झाला असं खोटं कशाला सांगू? शिवणाच्या मशीनवर बसलं की रडू यायचं.

निघायच्या दिवशी मिस बसस्टँडवर हजर. मला वाटलं, निरोप द्यायला आली असेल. कसचं काय! लेकीकडे ती बघतसुद्धा नव्हती, तिची नजर सारखी माझ्यावर. कंडक्टरनं शिटी वाजवली. खिडकीतून धरलेला लेकीचा हात मला सोडवेना. मिस पुढे आली, माझी बोटं एकेक करून सोडवली, आणि बस वळणाआड जाईपर्यंत माझा हात आपल्या मुठीत घट्ट धरून उभी राहिली.