फक्त पीडीएफ आणि जेपीजी

सरकारी साईट फक्त पीडीएफ घेते म्हणून आमच्या संघटनेनं निषेधाचं पत्रक काढलं होतं. मजकूर माझाच. 'ज्याला लिहिता येत नाही, त्याला नागरिक मानता की नाही?' गंगापूर रोडच्या सिग्नलला उभं राहून पत्रकं वाटलीही मीच.

त्याच महिन्यात संघटनेची साईट मी उभी केली. घोटीकडच्या एका डोंगरावर खडीची खाण येणार होती. गावकऱ्यांनी हरकती साईटवर चढवायच्या आणि मुदतीच्या आत आम्ही त्यांचा गठ्ठा सरकारी कचेरीत द्यायचा, असं ठरलं. कोणत्या प्रकारच्या फाइली घ्यायच्या, याची सेटिंगमध्ये एक चौकट असते. मी लिहिलं : पीडीएफ, जेपीजी. बाकी बंद. संघटनेच्या ऑफिसात व्हायरसचं कारण सांगितलं. खरं म्हणजे छापता येतं तेवढंच मला पुरावा वाटायचं.

मुदत संपली, गठ्ठा गेला, आणि दुसऱ्या दिवशी एक बाई ऑफिसात आल्या. खाण झाली की त्यांच्या पाड्याची झऱ्याकडे जायची वाट बंद होणार होती. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर मीच लिहिलेलं वाक्य : हा फाइल प्रकार चालत नाही.

"मी बोलून पाठवलं, दादा. चार दिस झाले. तुमचं यंत्र घेतच नाय."

"कुणाकडून लिहून घ्यायचं ना, मावशी."

"कुनाकडून? शिकलेला एकच हाय पाड्यावर, आन त्याचाच ट्रॅक्टर खाणीवर लागनार हाय. त्यो लिहील व्हय माझ्यासाठनं?"

मी त्यांच्यासमोर चालणाऱ्या फाइलींच्या यादीत ऑडिओ हा प्रकार जोडला. अर्धं मिनिट लागलं.

"एवढंच व्हतं?" त्या म्हणाल्या.

खाणीच्या सुनावणीला मी त्यांच्यासोबत कचेरीत गेलो. साहेबांनी विचारलं, "मुदतीत लेखी दिलंय का?" असल्या प्रश्नावर एरवी मी सभागृह डोक्यावर घेतो. पिशवीत पत्रकंही होती.

"यांच्याकडं पाठवलं व्हतं," बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"मीच अडवलं, साहेब."

साहेबांनी पुढचं नाव पुकारलं.

बाहेर पायऱ्यांवर बसून बाईंनी फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. "आता तू तरी ऐक." झऱ्यावर पहाटे कोण जातं, उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं, चढावर दम लागला की कुठल्या दगडावर हंडा टेकवतात, सगळं होतं त्यात. आमच्या गठ्ठ्यातल्या हरकती मी दिलेल्या नमुन्यावरून उतरवलेल्या. तो दगड त्यांत कुठेच नव्हता.