दोन निळे आणि निफाडचा एक पिंजरा

आयुष्यात एकदा ब्राझीलला जाऊन निळे मकाव बघायचे, असं मी शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हापासून म्हणत आले आहे. निवृत्त झाल्यावर जाऊ, असं ठरलं होतं. निवृत्त झाले आणि श्रीकांतच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला. ब्राझीलसाठी बाजूला ठेवलेलं सगळं नव्या गुडघ्यांत गेलं. गुडघे झकास चालतात. ब्राझील तेवढं राहून गेलं.

म्हणून जानेवारीत आप्पाचा फोन आला तेव्हा मी उडालेच.

"ताई, निळे पोपट आणलेत. ब्राझीलचे! मकाव. जोडी हाय. ये बघायला."

आप्पा माझा मावसभाऊ. निफाड तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे, आणि तीन वर्षांपासून बागेच्या एका कोपऱ्यात कृषी पर्यटन. म्हणजे चार झोपाळे, एक बैलगाडी, चुलीवरचं जेवण आणि फोटो काढायला जागा. माझी ही मावशी आता नाही, आणि आप्पा तिचा एकुलता एक. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे वागले त्याला मी स्वतःशी हेच कारण दिलं.

रविवारी सकाळी साडेसातला गंगापूर रोडवरून निघालो. ज्यांना निफाडकडे जायचंय त्यांच्यासाठी: द्वारकेचा चौक आठाच्या आत पार करा, नाहीतर तिथेच अर्धा तास जातो. पुढे नांदूर नाक्यावरून संभाजीनगरचा रस्ता धरला की चांदोरीपर्यंत रस्ता ठीक आहे, उसाच्या ट्रॉल्या सोडल्या तर. दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मागे दिवा नाही, आणि पुढे गाणी फुल आवाजात. चांदोरीच्या अलीकडे मिसळ खाल्ली. तर्री बरी होती, पाव कालचा होता. मालकाला म्हटलं तर म्हणाला, "आजचा गरम असतो काकू, तर्री पीत नाही."

थंडी मरणाची होती. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली, ही बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो आणि कौतुकानं एकमेकांना पाठवतो. बागांमधून अजून धूर निघत होता. पहाटे द्राक्षाच्या ओळींत शेकोट्या पेटवतात, थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून. गाडीत बसून ते दृश्य फार सुरेख वाटतं. माझ्या डोक्यात मात्र एकच होतं, की उष्ण देशातले पक्षी या गारठ्यात काय करत असतील.

आप्पा फाटकातच उभा होता. गळ्यात मफलर, खिशात मण्याचं माप घ्यायची ती भोकं पाडलेली पट्टी. द्राक्षवाले ती पट्टी पेनासारखी बाळगतात: मणी भोकात घालायचा, सोळा मिलिमीटरचा की अठराचा ते बघायचं. आप्पाची बायको मंदा चहा घेऊन आली. तिकीट माणशी दोनशे, जेवण वेगळं. आमच्याकडून अर्थात काही घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, मग मी गिऱ्हाईक म्हणून तरी तोंड उघडलं असतं.

पिंजरा बागेच्या कडेला, पत्र्याखाली. उत्तरेच्या बाजूला गोणपाट लावलेलं. मी जवळ गेले आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. पस्तीस वर्षं मुलांना निळे रंग शिकवले, पण असा निळा डब्यात येत नाही. मोठा पक्षी मधल्या फांदीवर बसला होता, शेपटीसकट तीन-सव्वातीन फूट, डोक्यापासून टोकापर्यंत एकसारखा गडद कोबाल्ट. काळीभोर प्रचंड चोच. डोळ्याभोवती पिवळं कडं, खालच्या चोचीच्या बुडाशी पिवळी कोर, चंद्रकोरीसारखी बारीक. हायसिंथ मकाव. हाच तो!

मग कोपऱ्यातला दुसरा दिसला आणि माझा आनंद तिथेच थिजला.

तो लहान होता, अडीच फुटांच्या आतबाहेर. लहान असतो एखादा. पण त्याचा निळा वेगळा होता. डोकं आणि मान हिरवट, राखाडी झाक असलेली, पाठ आणि शेपूट तेवढी गडद. आणि चोचीशी बारीक कोर नव्हती, चांगला जाड पिवळा डाग होता, टपोऱ्या थेंबाच्या आकाराचा. डोळ्याभोवतीचं कडंही फिकं. हा हायसिंथ नव्हताच. हा इंडिगो मकाव, त्याचा चुलतभाऊ म्हणा. दोघांचं कुळ एक, दोघांनाही ताडाच्या टणक बिया फोडायला आवडतात, दोघांचे पायही काळेच. पण हायसिंथ झाडाच्या ढोलीत घर करतो आणि इंडिगो कोरड्या मुलखातल्या उभ्या कड्यांमधल्या बिळांत. जंगलात हे दोघं एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. त्यांची गाठ घालून दिली ती निफाडात, बारा बाय आठच्या जाळीत.

"आप्पा, ही जोडी नाही रे," मी म्हटलं. "या दोन वेगळ्या जाती आहेत."

आप्पा हसला. "हे बघ ताई, मोठा नर, लहान मादी. पक्षीवाल्यानं सांगितलंय, कागदावर दोघांचं नाव एकच हाय."

"दोन्ही जातींत नर-मादी दिसायला सारखेच असतात. आकारावरून नाही कळत. आणि रंग बघ की! मानेचा रंग बघ."

आप्पानं खिशातली पट्टी काढली आणि मला बागेकडे बोट दाखवलं. "ताई, तू चित्रं काढली, मी मणी मोजले. एकाच बागेत, एकाच वेलीला एका घडाचा मणी अठराचा भरतो, शेजारच्याचा चौदाचा. रंगबी फिका राहतो. म्हणून काय व्हरायटी बदलती का? खुराक कमी पडला तिला. लय बारीक असतानाच धरलं असंल. आता बदाम-अक्रोड चालू केलेत डबल. दोन महिन्यांत बरोबर साईजला येती बघ."

यात आप्पाला मूर्ख ठरवायचा माझा अजिबात हेतू नाही. त्याच्या बागेत हे शंभर टक्के खरं आहे. त्याच हिशेबावर त्याचा माल परदेशी जातो. आयुष्यभर जे बरोबर ठरत आलं तेच त्यानं इथे लावलं. आणि डबल खुराकाचं म्हणाल तर माझ्या डोळ्यांदेखत वाटीतले सगळे बदाम त्या मोठ्या पक्ष्यानं खाल्ले. लहान पुढे सरकला की मोठा मान फुगवून चोच उघडायचा, की हा परत कोपऱ्यात. लहानाच्या डाव्या पायाचं एक बोट अर्धं होतं. जखम जुनी नव्हती.

बारा वाजता गर्दी झाली. पुण्याचं एक कुटुंब, नाशिकरोडचे दोन-तीन ग्रुप. सगळे "कपल, कपल" करत फोटो काढत होते. आप्पा श्रीकांतला डिपिंग कसं करतात ते समजावत होता, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात कसे बुडवतात ते, माझ्यापासून पाच-सात पावलांवर. मंदा पिंजऱ्यात पाणी ठेवून बाहेर आली. पक्ष्यांचं सगळं तीच करते. हात पदराला पुसत हळूच म्हणाली,

"ताई, तुम्हाला यातलं कळतं. हा तिला मारंल का हो? रोज सकाळी गेले का रक्त असतं फांदीला. मी ह्यांना म्हनते, मधे जाळी टाका. तर म्हनतात, जाळी टाकल्यावर जोडी कशी दिसंल लोकांना."

मी आप्पाकडे पाहिलं. तो ऐकत होता. बोलता बोलता थांबला होता, आणि पाहुणे तिकिटं हातात घेऊन उभे होते. दुपारी त्याच्याच घरी जेवायचं होतं. मी म्हटलं, "नाही गं. होतं सवयीनं. तू लक्ष ठेव म्हणजे झालं."

मंदाचा चेहरा सैल झाला. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

जेवण उत्तम होतं, हेही लिहायलाच हवं. बाजरीची भाकरी, शेवभाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर बागेतली द्राक्षं. जेवता जेवता आप्पा म्हणाला, "ताई, पिंजऱ्याला एक बोर्ड पाहिजे. माहिती पाहिजे लोकांना. तुझं अक्षर लय भारी, चित्रासकट काढून दे."

इथे मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. तोंडानं पटत नाही ना, मग बोर्डावरून पटवू. घरी येऊन मी चार संध्याकाळी खपले. एका कागदावर दोन डोकी शेजारी शेजारी, जलरंगात. डावीकडे वर "हायसिंथ", उजवीकडे "इंडिगो". मधून बाण. इथे बारीक कोर, इथे जाड थेंब. इथे गडद निळा, इथे हिरवट. हा मोठा, हा लहान. खाली एक ओळ: या दोन जातींना एकत्र ठेवू नये. कोपऱ्यात माझी सही. श्रीकांत म्हणाला, "बोर्ड कशाला, सरळ वनखात्याला फोन कर ना." मी म्हटलं, "मावशीच्या मुलाची तक्रार करू? बघेल तो, हे वाचून कळेल त्याला." कागद पाठवून दिला आणि मला चक्क बरं वाटलं.

आठवड्यानं मंदानं फोटो पाठवला. मोठा फ्लेक्स, चकचकीत. माझीच चित्रं, माझेच बाण, माझंच अक्षर. फक्त वरचे दोन मथळे फ्लेक्सवाल्यानं छापील अक्षरांत बदलले होते. डावीकडे "नर". उजवीकडे "मादी". खालची ओळ कापली होती. कोपऱ्यातली सही मात्र शाबूत, शेजारी ठळक छापलेलं: माहिती संकलन, माझं नाव, निवृत्त शिक्षिका.

मी आप्पाला फोन केला. रागानं केला होता, पण तो उचलल्या उचलल्या म्हणाला, "ताई, लोकं लय तारीफ करतात बोर्डाची! शाळेची एक बस आली होती, पोरांनी वह्यांत उतरवून घेतलं." आणि मी, जिनं पस्तीस वर्षं वर्गात कुणाची गय केली नाही, ती म्हणाले, "हो का? छान. पण ती खालची ओळ..." तो म्हणाला, "माणसं घाबरतात गं असलं वाचून. सीझन होऊ दे, मग बघू." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. श्रीकांत समोरच बसला होता. त्यानं पेपर उघडून तोंडासमोर धरला, ते मला अजून टोचतं.

फेब्रुवारीत एका दुपारी मंदाचा फोन आला. ती रडत होती. सकाळी लहान पक्षी खाली पडलेला होता, मान फाटलेली. तिनं टॉवेलात गुंडाळून शेकोटीजवळ धरला, तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या येईपर्यंत तो गेला. कितीतरी वेळ ती एकच म्हणत होती, "मी लक्ष ठेवत होते हो ताई. तुम्ही सांगितलं तसं ठेवत होते."

संध्याकाळी आप्पाचा फोन. आवाज पडलेला होता, त्यालाही लागलं होतं, नाही म्हणणार नाही. म्हणाला, "डॉक्टरबाईंनी कापून बघितला ताई. नर होता. दोन्ही नरच निघाले बघ, म्हणून भांडले. पक्षीवाल्यानं फसवलं."

"आप्पा, ते दोन नर म्हणून भांडले नाहीत. ती जातच वेगळी होती. मी सांगितलं होतं."

"आता गेला तो, आता काय," आप्पा म्हणाला. "तो खरी मादी देतो म्हणतोय, मोठी. बोर्ड तेवढा बदलावा लागंल. 'मादी'च्या जागी 'लहान नर' असं लिहून पाठव ना तुझ्या अक्षरात. ती डॉक्टरबाई येणारे पाहुण्यांना घेऊन, चुकीचं नको दिसायला."

मी "पाठवते" म्हणाले. तोंडातून निघून गेलं, इतकी सवय झाली होती.

पाठवलं नाही. आज सकाळी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन लेखी अर्ज देऊन आले, खाली पूर्ण नावासकट. मोठा अजून त्या जाळीत आहे, आणि दुसरा कुठूनतरी यायचा आहे. मावशीकडच्या लग्नकार्यांना आता मला बोलावतील असं वाटत नाही. जन्मभर ज्यांच्यासाठी पैसे साठवले ते दोन्ही निळे मी घरापासून तासाभराच्या अंतरावर पाहिले. ज्यांना अशी सहल करायची हौस आहे त्यांनी खुशाल करावी, फक्त पिंजऱ्यापुढे उभं राहून जे दिसेल ते तिथल्या तिथे, मोठ्यानं बोलावं.

आप्पा हा ब्लॉग वाचत नाही. मंदा वाचते. मंदा, तू मला विचारलं होतंस, हा तिला मारेल का. मला माहीत होतं. हो, मारेल, हे उत्तर होतं.