रोज धुतलेली चादर

शारजाच्या सरकारी इस्पितळात माझी थोरली झाली, तेव्हा शेजारच्या खाटेवर रत्नागिरीकडची एक बाळंतीण होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. घरून येताना तिनं चादर, ताटली आणि लाल बादलीसुद्धा आणली होती. नर्स चादर बदलायला आली की ही बाळ माझ्या मांडीवर देऊन उठायची आणि पलीकडची टोकं ताणून धरायची. नर्स ओरडायची, "खलास, बैठो!" म्हणजे पुरे, बस आता. पण ही ऐकेल तर शपथ.

"सरकारी म्हटलं की सगळं आपलंच न्यायचं ना गो," ती मला म्हणाली. "इथलं तर सरकारपण आपलं नाय, तरी रोज धुतलेली चादर देतंय."

मी मान डोलावली, आणि माझी बादली टाचेनं खाटेखाली आणखी आत सरकवली.