आधी मंत्री, मग लाकूड

आप्पा मगदूम लाकडावर फवारा मारण्याआधी मंत्र्यावर मारत. त्यांच्या मागच्या पडवीत भिंतीवर खिळ्याला जुना पेपर टांगलेला असे. त्यातही त्यांना फोटोचंच पान लागे, म्हणजे कुणीतरी फीत कापतंय किंवा कुणीतरी हार घालून घेतंय असं. आप्पा स्प्रेची बंदूक उचलत, एक डोळा मिटत आणि फोटोवर फस्‌कन एक झोत सोडत. मग नाक टेकेल इतकं जवळ जाऊन बघत. थेंब हनुवटीवरून ओघळला तर थिनर जास्त झालं. चेहऱ्यावर पुरळ उठलं तर माल घट्ट. "आधी मंत्री, मग लाकूड," ते म्हणत. "मंत्री बिघडला तर कोण इचारतंय, सर?"

पेपर माझा असे. कुंपणावरून "सर, कालचा वाचून झाला काय?" अशी हाक आली की मी मुकाट्यानं देत असे.

मी शाळेत इतिहास शिकवत होतो आणि फावल्या वेळात लाकडाच्या लहानसहान वस्तू करत होतो. पानाचे डबे, फोटोच्या चौकटी, पोथी ठेवायच्या घोड्या. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्यानं, एकावर एक हात देत पॉलिश करायचं. एका डब्याला पंधरवडा लागे. गल्लीत पॉलिश म्हटलं की सर, असं समीकरण होतं. वाचनालयाच्या गणपतीचा चौरंग दर श्रावणात माझ्याकडे येई. आदल्या वर्षीचे पाण्याचे आणि तुपाचे डाग काढून तो नवा करायचा असे. बढती, पगारवाढ यांबाबत मी उदासीन होतो. चौरंगाबाबत नव्हतो.

आप्पांचं दुकान ऑइल इंजिनच्या सुट्या भागांचं. मूळचे कागलकडचे, शेती भावाकडे. सुतारकामाचं वेड त्यांना उतारवयात लागलं, आणि तेही माझाच एक डबा बघून. पण बोळा घेऊन बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "एवढा येळ लाकडाला चोळत बसायचं? लाकूड हाय का म्हस?" असं म्हणून ते फवाऱ्याच्या मागे लागले. पहिल्यांदा डासांचा हातपंप आणला. त्यानं डब्यावर देवी उठल्या. मग उसावर औषध मारायचा पाठीवरचा पंप आला, त्यात डब्याला आंघोळ घडली. नंतर गॅरेजमधून जीप रंगवायची बंदूक आली. तिच्या झोतानं दागिन्यांची एक हलकी पेटी उडून तुळशीजवळ जाऊन पडली. मी कुंपणापाशी उभा राहून सहानुभूती दाखवत होतो. इतकी सुखी संध्याकाळ मला क्वचितच लाभली आहे.

पण चौथ्या खेपेला त्यांनी मुंबईहून बारीक नळीची, वर पेल्यासारखं भांडं असलेली लहान बंदूक मागवली. ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी मोटरीला जोडून स्वतःच कॉम्प्रेसर बनवला. "ल्हान कामाला ल्हान तोंड," हे त्यांचं वाक्य गल्लीत पसरलं. बघायला माणसं येऊ लागली. आप्पा नाकाला ओला पंचा बांधून, पांढऱ्या सफारीत, शस्त्रक्रियेला निघाल्यासारखे उभे राहत. अनोळखी माणसालाही सांगत, "पावणं, रंग कोण बी मारतंय. हवा मारता आली पायजे."

आमच्या हिनं चहाचा ट्रे त्यांच्याकडून लॅकर, म्हणजे ते फवाऱ्याचं झटपट पॉलिश, मारून आणला. मला न विचारता.

"तुमच्या पॉलिशला पंधरा दिवस हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हा सकाळी दिला, संध्याकाळी चहा."

मी त्या ट्रेमधून चहा घेतला. चहा थंड होता, असं मी म्हणालो. तो नव्हता.

त्या वर्षी वाचनालयाचे सेक्रेटरी शामराव माझ्या दारावरून चौरंग घेऊन पुढे गेले आणि मगदुमांच्या फाटकात वळले. परतताना म्हणाले, "सर, तुमाला कशाला तरास? आप्पा एका दुपारी मोकळं करत्यात."

तेव्हा श्रावण चालू होता. आठवडाभर कपडे वाळत नव्हते, मिठाला पाणी सुटलं होतं. अशा हवेत लॅकरचा फवारा मारला तर काय होतं, हे मी वाचलेलं होतं. लॅकर झटकन सुकतं, सुकताना गार पडतं आणि हवेतली ओल आपल्यात कोंडून घेतं. मी खिडकीत बसलो. मंत्री उत्तम उतरला. मग चौरंगावर हात फिरला आणि बघता बघता सगळा चौरंग नासलेल्या दुधासारखा पांढराफटक झाला.

"आयला, ह्येला काय झालं?" आप्पांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

मी पेपर उघडला आणि एका अग्रलेखाचा मनापासून आस्वाद घेतला. वर पाहिलं तर आप्पा चौरंग सुकवायला घरातून पेटती शेगडी घेऊन निघाले होते. पडवीत थिनरची वाफ भरलेली. मत्सरालाही काही मर्यादा असते. निदान आपलं घर शेजारी असेल तर असते. मी चपला न घालता धावलो.

"आप्पा, ठेवा ती बाहेर! गल्ली उडेल!"

शेगडी अंगणात राहिली. मग सांगणं भागच होतं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात पावसाळ्यासाठी उशिरा उडणारं थिनर मिळतं. त्याचा नुसता धुक्यासारखा हात मारायचा, की लॅकर पुन्हा मऊ होतं आणि कोंडलेली ओल निघून जाते. आप्पा तसेच सायकलवर उद्यमनगरात गेले. संध्याकाळी चौरंगात माझा चेहरा दिसत होता. चेहरा प्रसन्न नव्हता.

प्रतिष्ठापनेला सारी गल्ली जमली. चौरंगाची वाखाणणी सुरू झाली तसे आप्पा गरजले, "ओ, माझं नाव घिऊ नगासा! ह्यो चौरंग सरांनी वाचिवलाय. इद्या त्येंची हाय, मी नुस्ती हवा मारली." लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या आप्पांच्या मोठेपणाला होत्या. त्यांनी श्रेय लाटलं असतं तर तो राग मला वर्षभर पुरला असता. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही. पुढच्या श्रावणात शामराव पुन्हा त्यांच्याच फाटकात वळले.

काही वर्षांनी थंडीत, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता आप्पा गेले. मुलांना लाकडात रस नव्हता. बंदूक आणि कॉम्प्रेसर एका गॅरेजवाल्यानं नेला. श्रावणात शामराव चौरंग माझ्या ओट्यावर ठेवून गेले.

मी बोळा काढला. पंधरवडाभर हात दिले, हट्टानं, फवाऱ्याला लाजवेल अशी तकाकी येईपर्यंत. शामराव न्यायला आले. त्यांनी चौरंग उजेडाकडे तिरपा धरला, अगदी आप्पांसारखा एक डोळा मिटला आणि म्हणाले, "व्वा सर! आप्पांच्यागत झालंय की!"

मी रागवायचं ठरवलं होतं. ते जमेना. शामराव गेल्यावर आत आलो. खुर्चीवर कालचा पेपर पडला होता. पहिल्याच पानावर कुठलेसे मंत्री फीत कापत होते, आणि त्यांची हनुवटी अगदी कोरी होती.