दाराला न पोचलेला आवाज

आई गेल्यावर दोन वर्षांनी मी वडिलांना, अण्णांना, सणसरहून बारामतीला माझ्याकडे आणलं. तोवर त्यांच्या कंपवाताला चार वर्षं झाली होती. उजवा हात थरथरायचा, पाऊल उचललं तरी पुढं पडायचं नाही. मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. लग्न केलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. सकाळी साडेनऊला मी बाहेर पडायची ती संध्याकाळी साडेपाचला परत. दुपारी समोरच्या काकू येऊन अण्णांना जेवायला वाढायच्या.

दार उघडायला उठले आणि अण्णा पडले, असं पहिल्या वर्षात दोनदा झालं. दुसऱ्या वेळी चपलांच्या रॅकवर डोकं आपटून तीन टाके पडले. काकूंकडे किल्ली देऊ म्हटलं तर ते चिडले.

"पाव्हणं आलं तर दार मी उघडणार. मला कोंडून घालून किल्ली दुसऱ्याच्या हातात देती व्हय?"

म्हणून मी आवाजावर उघडणारं कुलूप बसवून घेतलं. आतली कडी ते आपोआप सरकवायचं. अण्णांच्या कॉटशेजारी स्टुलावर एक गोल स्पीकर ठेवला होता. त्याला हाक मारायची, "दरवाजा खोलो" म्हणायचं, मग त्यातली बाई नंबर विचारायची. चार आकडे सांगितले की दाराकडून घर्रर्र आवाज यायचा. मराठी तिला येत नव्हतं.

"बारामतीत ऱ्हायची आन् मराठी येत न्हाय?" अण्णा म्हणाले. पण शिकले. आठ दिवस कॉटवर बसून हिंदीची तालीम केली. काकूंनी बेल वाजवली की आतून ते आकडे म्हणायचे, चार, एक, सात, दो. काकू आत येता येता म्हणायच्या, "अण्णा, तुम्ही तर मिलिटरीतले वाटता." त्या दिवसांत अण्णा रोज स्वतःहून धुतलेला सदरा मागायचे.

दिवाळीनंतर बिघाड सुरू झाला. आधी ती बाई म्हणायला लागली, "माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई." मग तेही बंद झालं. अण्णा हाक मारायचे आणि स्पीकरवरचा निळा दिवा पेटायचाच नाही.

मी प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेली बाई. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे मुलांना शिकवते. तसंच केलं. कुलपातले सेल बदलले. वायफायचा डबा हॉलमधून उचलून अण्णांच्या खोलीच्या दाराशी आणला. ॲप काढून पुन्हा टाकलं. स्पीकर पुसला, बंद करून चालू केला, स्टुलावरून उशीशेजारी ठेवला. कंपनीला फोन लावला, तर पलीकडच्या मुलीनं सगळं पुसून नव्याने जोडायला सांगितलं. रविवारची अख्खी दुपार त्यात गेली. जोडून झाल्यावर मी म्हटलं, "दरवाजा खोलो." दार उघडलं. मला इतकं बरं वाटलं की मी चहा टाकायला गेले. स्वयंपाकघरात दूध तापत असताना लक्षात आलं, दार पुन्हा लावून अण्णांना बोलायला सांगून आले होते, आणि कडीचा घर्रर्र आवाज काही आलेला नाही.

शेवटी कुलूप बसवणाऱ्या माणसालाच बोलावलं. पन्नाशीचा, चष्मेवाला, कमी बोलणारा. त्यानं दाराचे स्क्रू काढून आतलं सगळं तपासलं. मग कॉटजवळ येऊन स्वतः हाक मारली. कडी सरकली. मला बोलायला सांगितलं. कडी सरकली. मग म्हणाला, "बाबा, आता तुमी."

अण्णांनी श्वास घेतला आणि ओठ हलवले. मला ते शब्द कळले. स्पीकरवर दिवा लागला नाही.

"बाबा, जरा मोठ्यानं."

अण्णांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. ते पुन्हा बोलले. तो माणूस हातभर अंतरावर उभा होता. त्यानं मान पुढं केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हनले?"

"वरडतोय की मी," अण्णा म्हणाले. हेही मीच त्याला सांगितलं.

मग त्यानं एक शेवटचा उपाय केला. त्या स्पीकरला एखाद्याच्या आवाजाची ओळख करून देता येते, चारदा तीच वाक्यं म्हणायची. फोन अण्णांच्या तोंडापाशी धरून तो उभा राहिला. फोनवर अक्षरं यायची, पुन्हा बोला. अण्णा पुन्हा बोलायचे. पुन्हा बोला. सातव्या-आठव्या वेळी अण्णांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या माणसानं सगळे स्क्रू परत बसवले. मी जिन्यापर्यंत गेले तेव्हा बूट घालता घालता खाली बघत म्हणाला, "मॅडम, कुलपाला काय झालेलं न्हाय."

मला हे कळायला परका माणूस यावा लागला. डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी सांगितलं होतं, या आजारात आवाज बारीक होत जातो, आणि पेशंटला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं, पडण्याकडे होतं. घरात मी कधी टीव्हीचा आवाज बंद करायला लागले, बोलताना त्यांच्या कॉटवरच बसायला लागले, त्यांच्या ओठांकडे बघायला लागले, ते माझं मलाच समजलं नव्हतं. काकूही जेवण वाढताना अलीकडे नुसत्या बोलत राहायच्या, उत्तराची वाट बघत नसत. एकेकाळी अण्णा उसात पलीकडच्या बांधावर उभ्या असलेल्याला इकडून बोलवायचे. आई म्हणायची, घरात तरी हळू बोला.

काकूंना मी आकडे सांगून ठेवले. त्या कुलपावरची बटणं दाबून येऊ लागल्या. 

मग आम्ही आवाजाचे व्यायाम सुरू केले. हॉस्पिटलमधल्या बाईंनी शिकवलं होतं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि जमेल तितका वेळ मोठ्यानं "आ" म्हणायचं. सकाळी कॉलेजला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. मी समोर बसून घड्याळ बघायची. पहिल्या आठवड्यात बारा सेकंद. महिन्याने नऊ. नंतर मी घड्याळ बघणं सोडलं. तरी ते रोज माझ्यासाठी "आ" म्हणायचे, जसं लहान मूल डॉक्टरपुढं तोंड उघडतं.

मार्चमध्ये परीक्षा लागल्या. पर्यवेक्षणाला जाताना फोन ऑफिसात जमा करावा लागतो. त्या दिवशी काकू मुलीकडे लोणी भापकरला गेल्या होत्या, म्हणून मी सकाळीच अण्णांचं ताट झाकून कॉटजवळ ठेवलं होतं. आणि नेमके त्याच दिवशी न कळवता नाना आले. नाना म्हणजे माझे चुलते, अण्णांचे धाकटे भाऊ. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. एसटीनं सणसरहून आले, तीन मजले चढले, बेल वाजवली.

मी घरी आले तेव्हा दाराच्या हँडलला पिशवी लटकवलेली होती. शेवग्याच्या शेंगा आणि हरभऱ्याचा ढाळा. आत अण्णा कॉटच्या कडेला अर्धवट घसरून बसलेले. सदरा घामानं भिजलेला. ताटाला हात लावलेला नव्हता. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"त्यो बाहीर व्हता. मी हाका मारत व्हतो."

मी नानांना फोन लावला.

"आगं, तासभर बसलो जिन्यात," नाना म्हणाले. "धा बारा येळा बेल दाबली. आतनं आवाजच न्हाय. म्हनलं दादा झोपला आसंल, कशाला उठवा. तुजा फोन बी लागंना."

फोन मी स्पीकरवर टाकून अण्णांपुढं धरला होता. अण्णा बोलायला लागले. बराच वेळ बोलले. जागा व्हतो मी, असं काहीतरी होतं त्यात.

"हॅलो?" नाना म्हणाले. "हॅलो, पोरी? कट झाला काय गं?"

अण्णांनी हातानं फोन बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी मी स्पीकरची वायर काढली आणि तो कपाटात टाकला. चार आकडे सगळ्यांना कळवले, नानांना, काकूंना, खालच्या मजल्यावरच्यांना. डॉक्टर म्हणाले, आता गिळण्याकडे लक्ष ठेवा. पाण्यात पावडर कालवून घट्ट करून देते, नाहीतर ठसका लागतो.

मे महिन्यात नाना पुन्हा आले. बटणं दाबून सरळ आत आले आणि कॉटजवळ खुर्ची ओढून बसले. अण्णांचा चेहरा या आजारानं हलत नाही, पण डोळे हलले. ते नानांशी बोलू लागले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिथून मला एकही शब्द ऐकू आला नाही.

"व्हय," नाना म्हणाले. "व्हय, व्हय. बरोबर हाय तुजं."

अण्णा थांबले. मग पुन्हा काही म्हणाले, यावेळी थोडंच. शेवटी भुवई किंचित वर गेली, त्यावरून आणि ओठांवरून मला वाटतं, कवा जाणार असा काही प्रश्न असावा.

"व्हय की," नाना म्हणाले.

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. नंतर नाना चहा पिऊन, माझ्याशी ऊस-पाण्याचं बोलून उठेपर्यंत अण्णांनी ओठ हलवले नाहीत.