शनिवारचा शंकेचा तास

गेल्या सत्रात मला झोप लागत नव्हती. लेकीचा, जुईचा खोकला गेला होता, शाळेची व्हॅन वेळेवर येत होती, सासूबाईंची साखर आटोक्यात होती. म्हणजे काळजीची नेहमीची सगळी कारणं मला सोडून गेली होती. उरलं होतं एकच: शनिवारचा तास राहतो की जातो?

मी आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते, कंत्राटी. शनिवारी सकाळी एम.ए.च्या मुलांना 'माहिती साक्षरता' शिकवते. माहिती शोधायची कशी, आणि सापडल्यावर तिच्यावर विश्वास कितपत ठेवायचा, एवढंच. पण समितीचे मोठे सर म्हणत, "पोरांना वाचता येतंय की! आता आणखी काय साक्षर करायचं?" सत्राच्या शेवटी ते स्वतः तासाला बसणार होते आणि मग ठरवणार होते. नाही म्हणाले, तर मी परत पुस्तकांवर शिक्के मारायला मोकळी.

शिक्के मारण्यात तसं वाईट काही नाही. शिक्का मारताना पुस्तक उलटून बोलत नाही. किस्से मात्र या तासाचेच साचतात, धुवायच्या कपड्यांसारखे. एक ओढावा, तर त्याच्या बाहीला धरून दुसरा बाहेर येतो.

*

वैजापूरचा गणेश कांद्याच्या बाजारावर प्रकल्प करत होता. लिहिलं होतं छान. संदर्भाच्या जागी मात्र एकच शब्द. मामा.

"मामा म्हणजे?"

"मामा म्हणजे मामाच, मॅडम. मार्केट यार्डात अडत्या हायेत. लई माहिती त्यांना."

मी म्हटलं, चालेल की! रीतसर मुलाखत घे. मामांचं नाव, गाव, तारीख टाक. झाला संदर्भ.

पुढच्या शनिवारी स्वारी तोंड पाडून हजर.

"काय रे, मामा नाही म्हणाले?"

"नाय मॅडम. मामा म्हणले, नाव टाकणार असशील तर भाव येगळा सांगतो!"

*

प्रतीक्षाला शहराच्या इतिहासावर लिहायचं होतं. कॉम्प्युटरवर पुस्तकं शोधून ती माझ्याकडे आली. चेहरा चिंतेत.

"मॅडम, जुनं काहीच नाही. दरवाजे नाहीत, निजाम नाही, पोलीस ॲक्शनसुद्धा नाही!"

मी पाहिलं. प्रतीक्षाबाईंनी शोधाच्या चौकटीत 'छत्रपती संभाजीनगर' टाकलं होतं, आणि तेवढंच. मी विचारलं, "औरंगाबाद टाकून पाहिलंस?"

"पण मॅडम, नाव तर बदललं ना?"

"शहराचं बदललं. जुन्या पुस्तकांना कुणी कळवलं नाही."

तिनं 'औरंगाबाद' टाकलं. पडदा भरून वाहू लागला. प्रतीक्षानं सुस्कारा सोडला, "बरं झालं बाई! मला वाटलं, आपण परवाच राहायला आलो."

*

नाझनीनच्या घरी पूर्वी हिमरूचे माग होते. तिला घराण्यातल्या विणकामावर लिहायचं होतं. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, एका माणसाच्या शब्दावर जाऊ नकोस, दुसऱ्यालाही विचार. तिनं आजोबांना विचारलं आणि आजोबांच्या धाकट्या भावालाही विचारलं. पहिला माग कुणी बसवला? दोघांनीही आपापल्या छातीवर हात ठेवला.

"मग तू काय केलंस?"

"आमने-सामने बिठाया ना, मॅडम! आप ही बोले थे, दोन्ही बाजू तपासा."

"आणि?"

"सोर्स तो दो मिल गये. लेकिन इस ईद को शीरखुर्मा अलग-अलग बना!"

*

संदीपनं पुस्तकांची लांबलचक यादी आणली. एकेक नाव असं भारदस्त, की मलाच आपण काही वाचलेलं नाही असं वाटलं. (ते मला एरवीही वाटतं.) काउंटरवर शोधलं. एकही पुस्तक नाही. दुसऱ्या ग्रंथालयांत विचारलं. तिथंही नाही. शेवटी कळलं, यादी मोबाईलमधल्या 'एआय'नं करून दिलेली.

"अरे, ही पुस्तकं जगातच नाहीत!"

संदीप शांत. "यादी बरोबरच हाय मॅडम. आपली लायब्ररीच अपुरी हाय."

मी म्हटलं, त्यालाच विचार, ही पुस्तकं खरी आहेत का. त्यानं विचारलं आणि आनंदानं मोबाईल माझ्यापुढं धरला. "बघा, किती चांगलंय! लगेच माफी मागितली. आन् दुसरी पाच दिली!"

वर्ग हसला, मीही हसले. संध्याकाळी घरी जाऊन जुईचा दात हलतोय त्याचं काय करायचं, ते मी त्या एआयलाच विचारलं. कुणाला सांगू नका.

*

फर्दापूरचा विलास सुट्टीत लेणी दाखवायचं काम करतो. त्याला मी गृहपाठ दिला: पर्यटकांना जे जे सांगतोस, ते पुस्तकांत तपासून बघ. पोरगं प्रामाणिक. महिनाभर ग्रंथालयात ठाण मांडून बसलं. त्याच्या गोष्टींतली कुठली राणी गळाली, कुठला भुयारी मार्ग बुजला.

"आता कसं चाललंय?" मी विचारलं.

"खरं सांगायला लागलोय, मॅडम."

"मग?"

"लोकं चहाला निघून जातेत."

*

आणि मग तो शनिवार आला. नेमकी जुईच्या शाळेला सुट्टी, सासूबाई चिकलठाण्याला नणंदेकडं, नवऱ्याची कंपनीत पहिली पाळी. जुईला मागच्या बाकावर स्केचपेन देऊन बसवलं.

मोठे सर तास बघायला आले आणि घ्यायलाच लागले. "मी विद्यार्थी होतो तेव्हा," ते म्हणाले, "या ग्रंथालयातलं एक पुस्तक वाचायचं सोडलं नाही. एक नाही!"

एरवी "हे कुठं लिहिलंय मॅडम?" म्हणून मला भंडावून सोडणारा वर्ग. नाझनीनचं पेन कागदावर थांबलं. गणेश खिडकीबाहेर बघू लागला. संदीपनं तर मान डोलावली. मी टेबलावरचा डस्टर उजवीकडून डावीकडं ठेवला.

"काही शंका?" सरांनी विचारलं.

पंखा फिरत होता.

"वा!" सर खूश. "एवढ्या वर्गात एकाला शंका नाही! याला म्हणतात शिकवणं. मॅडम, तास राहणार. सोमवारी सही करतो."

माझा जीव भांड्यात पडला. सर निघाले. दाराशी त्यांना मागचा बाक दिसला.

"अरे, या छोट्या मॅडम कोण? तुम्हाला काही विचारायचंय का?"

जुईनं स्केचपेनचं टोपण लावलं.

"विचारायचंय. पण आई म्हणाली, तुम्ही गेल्यावर."